चूक की खूण?

१ मे २०१०, शनिवार. महाराष्ट्राला पन्नास वर्षं झाली म्हणून वहिनीनं लेस्टरच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. तिला मदत करायची सोडून दादा आणि मी ताटं घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो. बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका लागली होती. दगडी देवदूतांच्या तावडीतून निसटताना डॉक्टरचा कोट त्यांच्या हातात राहतो आणि तो नुसत्या शर्टावर, गॅलिस मिरवत पुढे पळतो. मग एक जंगल येतं. त्याची सोबतीण एमी तिथे डोळे घट्ट मिटून बसलेली, कारण उघडले तर मेलीच. डॉक्टर तिला तशीच ठेवून निघून जातो. क्षणभरात परत येतो, तिच्याजवळ झुकतो, तू सात वर्षांची असताना मी तुला काय सांगितलं होतं ते आठव, असं काहीतरी बोलतो आणि पुन्हा जातो.

“कोट,” दादा म्हणाला.

“काय?”

“अरे, आत्ता त्याच्या अंगात कोट होता.”

मी म्हटलं, चुकलं असेल. एक प्रसंग सोमवारी शूट करतात, दुसरा गुरुवारी. मधे कुणीतरी कोट चढवायला सांगितला असेल. आतून वहिनी म्हणाली, “एवढं बारीक लक्ष पोळ्या उलटताना दिलं असतंत तर दोन करपल्या नसत्या.” दादानं तिच्याकडे काणाडोळा केला, हात धुतले आणि कपाटातून खतावणी काढली.

खतावणीबद्दल सांगायला हवं. दादा माझा मामेभाऊ, पेशानं हिशेबनीस. पुण्याहून येताना त्यानं अप्पा बळवंत चौकातून लाल कापडी बांधणीची एक वही आणली होती, घरखर्च लिहायला म्हणून. घरखर्च तीन पानं चालला. चौथ्या पानापासून ‘डॉक्टर हू’मध्ये पुढे काय होणार याचे आमचे अंदाज सुरू होतात. खरा ठरला तर जमा, खोटा ठरला तर नावे. पहिली नोंद २८ जून २००८ ची आहे. मी तेव्हा तिथे शिकायला होतो. त्या संध्याकाळी डॉक्टरला डालेकचा, म्हणजे त्याच्या जुन्या वैऱ्याचा, घाव बसला, अंगातून सोनेरी प्रकाश फुटायला लागला, म्हणजे आता हा नट जाऊन दुसरा येणार, आणि तिथेच भाग संपला. क्रमशः! तेव्हा डॉक्टर करणारा डेव्हिड टेनंट सोडून जातोय अशी कुठे कुणकुणही नव्हती. पुढचे सात दिवस आम्ही दोघं कामाला, कॉलेजला गेलो असू. मला त्यातलं काही आठवत नाही. दादानं लिहिलं: “हात. बरणीतला.” २००५ च्या नाताळच्या भागात डॉक्टरचा एक हात तुटला होता, तो तेव्हापासून एका बरणीत जपून ठेवलेला होता. ५ जुलैला तो प्रकाश खरंच त्या हातात ओतला गेला आणि टेनंट जसाच्या तसा राहिला. दादाच्या खात्यावर पहिली जमा.

पण त्याखाली त्यानं आणखी एक ओळ लिहून ठेवली होती: “चेहरा बदलला नाही, तरी एक जन्म खर्ची पडला. हिशेबात धरावा.” मी तेव्हा हसलो होतो.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ नोव्हेंबर १९६३ ला ती सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला, तेव्हा अवघा चोविशीतला पोरगा. डॉक्टर हा परग्रहावरचा, काळातून फिरणारा माणूस. त्याचं यान बाहेरून निळ्या पोलिस चौकीच्या खोक्यासारखं दिसतं आणि आतून अवाढव्य असतं. १९८९ ते २००५ या मोठ्या खंडात फक्त एक चित्रपट आला, १९९६ मध्ये. बाकी काही माहीत नसलं तरी चालेल.

तर कोट. वहीत नोंद झाली: “कोट. दादा: खूण. धाकटा: चूक.” हरणाऱ्यानं महिनाभर भांडी घासायची. आठ आठवडे गेले. मे गेला, जून संपत आला. २६ जूनच्या शेवटच्या भागात डॉक्टर काळातून मागे मागे ढकलला जातो, त्याच्याच गेलेल्या दिवसांतून घसरत, आणि एका जंगलात डोळे मिटून बसलेल्या एमीपाशी येऊन थांबतो. अंगात कोट. तो डॉक्टर त्या दिवसाचा नव्हताच, पुढून आलेला होता. दादा काही बोलला नाही. त्यानं फक्त स्वयंपाकघरातल्या बेसिनकडे बोट दाखवलं.

माझं म्हणणं असं, की त्या कोटानं आमचं कायमचं वाटोळं केलं. त्याआधी आम्ही नुसते प्रेक्षक होतो. त्यानंतर चूक नावाची गोष्टच आमच्यापुरती जगातून नाहीशी झाली. घड्याळ उलट्या हातात दिसलं, खूण. दाराचा रंग जरा वेगळा भासला, खूण. एखादी नटी दोन भागांत दोन वेगळ्या भूमिकांत आली की दादा रात्री अकराला माझ्या खोलीचं दार वाजवायचा. आणि याला वेड तरी कसं म्हणणार? एकदा, एकदाच, खरोखरीची खूण निघाली होती ना! लॉटरी एकदा लागलेल्या माणसाला तिकीट घेऊ नकोस म्हणून कोण समजावणार?

यातली गंमत अशी की ही मालिका मुळात चुकांवर आणि अडचणींवरच उभी आहे. यान दर ठिकाणी तिथल्या परिसराला शोभेल असं रूप घेणार, अशी मूळ कल्पना. दर कथेला नवं रूप बनवायला पैसे कुठून आणायचे? मग यंत्र बिघडलं असं पहिल्याच कथेत सांगून मोकळे झाले, आणि ते बिघडलेलं खोकं आज साऱ्या जगाला ओळखू येतं. १९६६ मध्ये पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल याची तब्येत ढासळली. मालिका तर चांगली चालली होती. तेव्हा ‘द टेन्थ प्लॅनेट’च्या शेवटी तो जमिनीवर कोसळतो आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठतो. याला नावसुद्धा नव्हतं. आज आपण ज्याला रीजनरेशन म्हणतो तो शब्द मालिकेत आला १९७४ मध्ये, तिसऱ्या डॉक्टरच्या निरोपाला.

माझी आई एकदा तिकडे आली होती, तेव्हा तिला मी हे सगळं मोठ्या भक्तिभावानं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे नट बदलला,” ती म्हणाली. “आपल्याकडे खाली पट्टी येते, आजपासून ही भूमिका अमुक करतील म्हणून. नाहीतर गाडीला अपघात होतो आणि तोंडावर बँडेज.” मी वाद घातला खरा, पण मुद्दा तिचा बरोबर होता. फरक एवढाच, की बीबीसीनं त्या पट्टीचंच पुराण केलं.

आणि पुराण म्हटलं की भाष्यकार आलेच.

एकदा जन्म बदलतात म्हटल्यावर किती वेळा, हा प्रश्न आला. १९७६ मध्ये ‘द डेडली असॅसिन’ या कथेत सांगून टाकलं: बारा वेळा, म्हणजे एकूण तेरा जन्म. तेव्हा चौथा डॉक्टर चालू होता. तेरावा कोण बघतोय, असंच लिहिणाऱ्याला वाटलं असणार. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये डॉक्टर आणि खलनायक मॉर्बियस यांच्या मनामनांची कुस्ती दाखवताना पडद्यावर डॉक्टरचे चेहरे मागे मागे जातात: चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. आणि थांबत नाहीत! आणखी आठ चेहरे येतात. ते होते पडद्यामागच्या मंडळींचे. निर्माता, पटकथा-संपादक, दिग्दर्शक यांनी हौसेनं जुने पोशाख चढवून फोटो काढून घेतले होते. आता पहिल्याच्या आधी आठ, तर तेराचा हिशेब कसा जमायचा? चव्वेचाळीस वर्षं लोक भांडले. ते चेहरे डॉक्टरचे नव्हेतच, मॉर्बियसचे, असा एक पंथ. ते खरेच आणि डॉक्टरला स्वतःलाच आठवत नाहीत, असा दुसरा. १ मार्च २०२० च्या भागात दुसरा पंथ जिंकला: पहिल्याच्या आधीही डॉक्टरचे जन्म होते, आणि ते आठ चेहरे त्या भागात पुन्हा दाखवले.

तो भाग लिहिला होता ख्रिस चिबनॉल यानं. हाच चिबनॉल १९८६ मध्ये, सोळा वर्षांचा पोरगा असताना, चाहत्यांच्या वतीनं बीबीसीच्या एका कार्यक्रमात जाऊन मालिकेच्या लेखकांसमोर त्यांच्या कथेवर टीका करून आला होता. पीटर कपाल्डी शाळकरी वयात या मालिकेचं कौतुक करणारी पत्रं लिहायचा. पुढे तोच बारावा डॉक्टर झाला. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांतून उठून कुणी बुवांच्या जागी उभं राहावं आणि पूर्वरंगात राहून गेलेल्या शंकेचं निरसन उत्तररंगात स्वतःच करावं, तसला हा प्रकार. आवडला नाही तो भाग मला, ते वेगळं. डॉक्टर हा कुणी खास अवतार नसून घरातून पळालेला एक भटक्या आहे, हीच मला त्यातली मौज वाटायची.

पण भाष्यकारांच्या कलेचा कळस पाहायचा तर ‘सहावा ब’ पाहावा. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणजे काय, याचा नमुना. १९६९ मध्ये दुसऱ्या डॉक्टरला त्याच्या लोकांनी पकडलं, त्याच्या दोन सोबत्यांच्या आठवणी पुसून त्यांना घरी धाडलं आणि चेहरा बदलून त्याला पृथ्वीवर हद्दपार केलं. तिथे सहावा हंगाम संपला. पुढच्या जानेवारीत तिसरा डॉक्टर यानातून धाडकन बाहेर पडतो. ठीक. पण १९८३ च्या विशेष कथेत जुने डॉक्टर एकत्र आले, तेव्हा दुसऱ्याला त्या पुसलेल्या आठवणींबद्दल माहिती असते. कशी? ते तर त्याच्या अगदी शेवटी घडलं होतं! १९८५ मध्ये तो पुन्हा येतो तर केस पिकलेले, आणि ज्यांनी शिक्षा दिली त्यांच्याच कामगिरीवर. खरं कारण शेंबड्या पोरालाही सांगता येईल: नटाचं वय वाढलं आणि लेखकाचा तपशील चुकला. चाहत्यांनी काय करावं? शिक्षा सुनावली आणि अमलात आली, या दोन्हींच्या मधे एक अख्खा न दाखवलेला हंगाम असला पाहिजे, ज्यात त्याच्याकडून गुपचूप कामं करून घेतली. सहावा ब! १९९५ मध्ये हे एका पुस्तकात रीतसर मांडलं गेलं. आणि पुढे टेरन्स डिक्स यानं, म्हणजे १९६९ ची ती कथा ज्या दोघांनी लिहिली त्यांपैकी एकानं आणि १९८३ ची तर एकट्यानंच लिहिणाऱ्यानं, त्याच न दाखवलेल्या काळावर कादंबरी लिहिली. स्वतःच्या चुकीला लोकांनी शोधून दिलेलं कारण त्यानं हसत स्वीकारलं असावं, असं आपलं मला वाटतं.

दादाची ती २००८ ची ओळही अशीच फळाला आली. २०११ मध्ये मी पुण्याला परतलो. वही तिकडेच राहिली. २०१३ च्या नाताळात मॅट स्मिथचा डॉक्टर म्हातारा होऊन मरायला टेकला आणि म्हणाला की आता पुढचा जन्म नाही, बारा बदल संपले. लोक बोटं मोजायला लागले. हा तर अकरावा! मग खुलासा: मधे एक लपवलेला योद्धा डॉक्टर होता तो एक, आणि तो बरणीतल्या हाताचा प्रसंग, ज्यात चेहरा बदलला नव्हता, तोही एक. त्याला नवे जन्म बहाल झाले ते नंतर. मला पुण्यात भल्या पहाटे फोन आला. “पाच वर्षं,” दादा म्हणाला, “पाच वर्षं मी ती रक्कम ओढत आणलीय.” एवढा आनंद त्याला सीएची परीक्षा पास झाल्यावरसुद्धा झाला नव्हता, असं वहिनी सांगते.

आता रूबीबद्दल. हे जरा दुखरं आहे.

२०२३ च्या नाताळात नवी सोबतीण आली, रूबी संडे. २००४ च्या नाताळच्या आदल्या रात्री डोक्यावरून झगा ओढलेल्या एका बाईनं तिला चर्चच्या पायऱ्यांवर सोडलेलं. ती बाई कोण, यावर पुढचा अख्खा हंगाम. रूबीभोवती अवेळी बर्फ पडतं. त्या रात्रीत शिरायला गेलं की बाई वळून बोट दाखवते. शिवाय सुसान ट्विस्ट नावाची एक नटी दर भागात वेगवेगळ्या भूमिकेत दिसते, आणि डॉक्टरच्या पहिल्या सोबतिणीचं, त्याच्या नातीचं नाव होतं सुसान. नटीच्या खऱ्या नावात सुसान, आडनाव ट्विस्ट! मी पुण्यात बसून चौदा अंदाज बांधले. रूबीची आई म्हणजे सुसान. रूबीची आई म्हणजे रूबीच. रूबीची आई म्हणजे खुद्द डॉक्टर. दर रविवारी सकाळी फोन, पलीकडे दादा वही उघडून बसलेला. पुढे कथेतच एस., म्हणजे सुसान, ट्रायड नावाची टेक कंपनीवाली बाई आली, रोमन अक्षरं उलटसुलट केली की टार्डिस, यानाचं नाव. डॉक्टरलाही वाटलं, ही माझी नात. आणि सारा सापळा निघाला. सुसानचं सू आणि कंपनीचं टेक: सू टेक, सुतेख, १९७५ च्या एका कथेतला मृत्यूचा देव. “सुतावरून स्वर्ग ऐकलं होतं,” दादा म्हणाला, “सुतेखवरून नरक पहिल्यांदाच.”

आणि आई? २२ जून २०२४ च्या भागात कळलं. एक पंधरा वर्षांची मुलगी. बस्स. तिला मूल झालं, घरी धाक होता, तिनं ते चर्चपाशी ठेवलं. पुढे ती नर्स झाली. जगाचा अंत करणाऱ्या देवालासुद्धा ती कोण हे दिसत नव्हतं म्हणून तो तिच्यामागे वेडा झाला होता, जसे आम्ही. सगळ्यांनी तिला महत्त्वाची मानलं म्हणून ती महत्त्वाची झाली, अशा अर्थाचं डॉक्टरनं समजावलं.

मी चिडलो. इतका की दोन रविवार फोन केला नाही. साधीच बाई होती तर बर्फ कशाला? रात्री रस्त्यात कोणी नसताना पाटीकडे बोट कुणासाठी दाखवते? म्हणे मुलीचं नाव सुचवत होती! हे म्हणजे कोट अंगात घालायचा आणि नंतर म्हणायचं, थंडी होती. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. खूण म्हणून पेरायचं आणि उगवल्यावर तण म्हणायचं, ही लबाडी आहे.

तिसऱ्या रविवारी दादाचाच फोन आला. तो म्हणाला, वहीत एक जमा करावी लागतेय. कुणाची, मी विचारलं. पहिले काही भाग झाले तेव्हा वहिनी कणीक मळता मळता म्हणाली होती, “असेल बिचारी एखादी पोर. कोण एवढी मोठी असणार?” दादानं ते चेष्टेनं लिहून ठेवलं होतं. सोळा वर्षांत वहिनीच्या नावावर ही एकच नोंद, आणि ती खरी. मागून तिचा आवाज आला, “विचार त्याला, भांडी कधी घासायला येतोय.” मी काही बोललो नाही. चौदा अंदाजांमध्ये एकदाही मला ती मुलगी दिसली नव्हती. नाताळची रात्र, पंधरा वर्षांची मुलगी, कडेवर बाळ. हे चित्र तर पहिल्या भागापासून समोर होतं, फक्त झग्यात.

२०२५ चा हंगाम त्या मानानं सोपा गेला. मिसेस फ्लड नावाची शेजारीण शेवटी राणी निघाली, १९८५ मध्ये आलेली जुनी खलनायिका. नाव आपल्याच राणीचं. गूढ बाई दिसली रे दिसली की राणी असणार, ही आरोळी चाहते इतकी वर्षं ठोकत होते, की लांडगा खरंच आला तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. तिचं नवं रूप भारतीय वंशाच्या आर्ची पंजाबीनं केलं, ते मात्र झकास. आणि ३१ मेला डॉक्टरचा चेहरा बदलला आणि निघाली बिली पायपर, २००५ ची सोबतीण रोझ! श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ हे शब्द आले नाहीत. ऑक्टोबरमध्ये बीबीसीनं जाहीर केलं की डिस्नेची भागीदारी संपली आणि पुढचा विशेष भाग २०२६ च्या नाताळात. न लिहिलेल्या त्या दोन-तीन शब्दांवर दादाच्या वहीत आतापर्यंत नऊ पानं भरली आहेत. मी म्हणतो खूण. दादा, नवल म्हणजे, म्हणतो चूक. म्हणजे चूक नव्हे, त्यांचंच अजून ठरलेलं नाही. पन्नाशीनंतर माणूस मवाळ होतो.

परवा त्यानं वर्षअखेरीचा हिशेब पाठवला, पानांचे फोटो काढून. माझी नावे बाजू दीड पान. त्याखाली एक नोंद होती जिच्यावर अजून निकालाची खूण नव्हती. शाई फिकी पडलेली, अक्षर माझं, साल २००९: “सुसान परत येईल.” १९६४ च्या नाताळात डॉक्टरनं या नातीला पृथ्वीवर सोडलं, दार बाहेरून नव्हे, आतून बंद करून, मी एक दिवस परत येईन असं तिला सांगितलं आणि निघून गेला. १९८३ मध्ये दोघं एका कथेत भेटले, पण ते त्यानं येऊन नव्हे, दोघांनाही कुणीतरी उचलून आणलं होतं. आणि १७ मे २०२५ च्या भागात डॉक्टरला भास होतो, त्यात कॅरोल अ‍ॅन फोर्ड काही क्षण दिसते. तीच नटी, वय चौऱ्याऐंशी. त्याला शोध म्हणते, आणि जाते. हंगाम संपला तरी पुढे काही नाही.

मी लिहिलं, दादा, ती दिसली की. आता हे जमा धर.

त्याचं उत्तर आलं. दिसणं म्हणजे येणं नव्हे. नावेही घालता येत नाही, कारण अजून मुदत आहे. म्हणून त्यानं त्या ओळीपुढे, लाल शाईनं, हिशेबनिसाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: येणे बाकी.